‘रोक्क एल्लि होतु?’ : बारडोलीत शिकलेला घरखर्च

बारडोली म्हटले की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला एक धडा आठवतो. १९२८ चा सत्याग्रह, साराबंदी, वल्लभभाई आणि तिथल्या बायकांनी त्यांना दिलेले ‘सरदार’ हे नाव. परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न, की विषय संपला. साखर कारखान्याच्या नोकरीनिमित्त आमचे कुटुंब २००६ ते २०१७ अशी अकरा वर्षे त्या तालुक्यात राहिले, म्हणून त्या धड्याची दुसरी बाजू मला कळली. ती लढाई मुळात जमाखर्चाची होती. एका शेतकऱ्याच्या घरात वर्षाला किती येते, किती जाते आणि शेवटी हातात काय उरते, एवढ्याच प्रश्नावर सरकार आणि रयत यांची जुंपली होती.

आपल्या भागातली, म्हणजे निपाणी-चिकोडी-संकेश्वरकडची साखर कारखान्यातली माणसे गुजरातेत जातात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आमच्या घरी मराठी बोलली जाते, सासूबाईंचे माहेर मात्र रायबागकडचे, म्हणून मी त्यांना अत्तीच म्हणते. त्यांचे निम्मे बोलणे कानडीत. बारडोलीला आल्यावर त्यात गुजरातीची भर पडली. घरात हिशेबाला तीन शब्द झाले, लेक्क, हिशेब आणि हिसाब. पैसा मात्र एकच आणि तोही मोसमी!

आधी १९२८ चे सांगते. त्या काळी मुंबई इलाख्यात दर तीस वर्षांनी शेतसाऱ्याची फेरआकारणी होई. बारडोलीची पाळी आली तेव्हा जयकर नावाचे डेप्युटी कलेक्टर पाहणीला आले. (पुढारी बॅरिस्टर जयकर ते हे नव्हेत.) त्यांनी सारा तीस टक्क्यांच्या आसपास वाढवावा असे सुचवले. कारणे काय दिली? तालुक्यातून तापी खोऱ्याची रेल्वे गेली. पक्की घरे वाढली, जनावरे वाढली, धान्याचा आणि कापसाचा भाव चढला, जमिनीच्या किमती वाढल्या, मजुरीसुद्धा दुप्पट झाली. म्हणजे लोकांची चैन आहे. सरकारने थोडे कमी करून १९२७ मध्ये वाढ सुमारे बावीस टक्के ठरवली.

आता ही यादी नीट पाहा. मजुरी दुप्पट झाली, ही शेतकऱ्याची मिळकत की त्याचा खर्च? कौलारू घर बांधले ते उरलेल्या पैशातून, की कर्ज काढून, की आफ्रिकेत गेलेल्या मुलाने धाडलेल्या पैशातून? भिंत पक्की दिसली की सरकारने ती जमेच्या बाजूला मांडली. खर्चाची बाजू कोणी विचारलीच नाही. आपल्याकडेही लग्न ठरवायला येणारी माणसे गच्ची आणि गाडी पाहून घराची ऐपत ठरवतात, त्यातलाच हा प्रकार.

नरहरी परीख यांनी बारडोलीच्या शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीवर आधीच लिहिले होते. कायद्याचे १०७ वे कलम शेतीच्या नफ्याकडे पाहा म्हणते आणि नफा म्हणजे उत्पन्नातून सगळा खर्च वजा जाता जे उरते ते, असे शेतकऱ्यांच्या बाजूने मांडले गेले. बियाणे, बैल, मजुरी हे तर आलेच, घरच्या माणसांचे श्रमही त्यात आले. फेब्रुवारी १९२८ मध्ये साराबंदी सुरू झाली. १३७ गावांचा तालुका. जप्त्या झाल्या, म्हशी ओढून नेल्या, जमिनी लिलावात निघाल्या. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांची चौकशी समिती नेमली गेली. महादेवभाई देसाई आणि नरहरीभाईंनी गावोगावचे आकडे समितीपुढे ठेवले. समितीने खेड्यांत जाऊन पाहिले तेव्हा सरकारी आकडे टिकले नाहीत. बावीस टक्क्यांची वाढ सुमारे सहा टक्क्यांवर आली.

बारडोलीच्या स्वराज आश्रमात आणि तिथल्या सरदार संग्रहालयात आम्ही पाहुण्यांना घेऊन जायचो. लोक फोटो बघतात, चरखा बघतात. मला मात्र तिथे सारखे वाटायचे, की या सगळ्याच्या मुळाशी एक साधी वही आहे.

आमच्या घराचा प्रश्न वेगळा होता. साखर कारखान्यात मोसमी कामगाराला हंगामात पूर्ण पगार असतो आणि कारखाना बंद झाला की पगाराचा काही हिस्साच मिळतो. त्याला सगळे ‘रिटेन्शन’ म्हणतात. बाराही महिने सारखा पगार घेणाऱ्या घरांना पुस्तकातले अंदाजपत्रक चालते. आपल्या भागात अशी घरे किती? उसाचे बिल येते तेव्हा येते. तंबाखूचे एकदा येते. विडी वळणारीचा आठवड्याचा हिशेब पानांवर आणि मालकावर अवलंबून. दक्षिण गुजरातेतले सहकारी कारखाने मार्चअखेर उसाचा भाव जाहीर करतात आणि पैसे हप्त्याहप्त्याने देतात. आमच्या शेजारच्या बेन म्हणायच्या, “आमच्या घरी वर्षातून तीनदा दिवाळी आणि बाकीचे नऊ महिने एकादशी.”

या बेनकडूनच मी एक पद्धत उचलली, ती अशी. हाती आलेला महिन्याचा पगार विसरायचा आणि आधी वर्षाची बेरीज करायची. समजा हंगामाचे सहा महिने १८,००० रुपये येतात आणि उरलेले सहा महिने ९,०००. वर्षाचे झाले १,६२,०००. त्याला बाराने भागा. उत्तर आले १३,५००. आपला पगार एवढाच. हंगामात १८,००० हातात असले तरी त्यातले ४,५०० आपले नाहीत, ते पावसाळ्याचे आहेत. ते त्याच दिवशी पोस्टात. मे ते ऑक्टोबर तिथून दरमहा ४,५०० काढायचे, मग कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

दुसरी पायरी वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गणपती, दिवाळी, गावच्या जत्रेला जाणे, नात्यातले एखादे लग्न. हे खर्च ‘अचानक’ आले असे आपण म्हणतो. गणपती काय अचानक येतो? पंचांगात वर्षभर आधी छापलेला असतो! या सगळ्यांची बेरीज समजा ३६,००० झाली, तर महिन्याला ३,००० बाजूला. म्हणजे रोजच्या संसाराला उरले १०,५००. हा आकडा पहिल्यांदा वहीत उतरला तेव्हा घरात शांतता पसरली. अठरा हजारांचा माणूस साडेदहावर आला. पण खरा आकडा तोच होता आणि तो कळल्यावर भांडणे निम्मी झाली. नवीन फ्रिज घ्यायचा की नाही, हे मी किंवा त्यांनी ठरवायचे उरले नाही, वही ठरवू लागली.

या साडेदहात किराणा किती, हे प्रत्येक घराचे वेगळे. तरी एक अंदाज असावा म्हणून सांगते. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत देशातल्या खेड्यांत माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरांत ६,९९६ रुपये आढळला. त्यातले खेड्यात ४७ टक्के आणि शहरात सुमारे ४० टक्के पैसे खाण्यापिण्यावर जातात. १९९९-२००० मध्ये खेड्यातला हा वाटा ५९ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे ताटाचा वाटा कमी झाला आणि इतर खर्च वाढले. आपल्या काटकसरीच्या सगळ्या युक्त्या मात्र अजून ताटाभोवतीच फिरतात. तेल कमी घाला, भाजी संध्याकाळी घ्या. मोबाईल, पेट्रोल, शिकवणी, दवाखाना यांना कोणी हात लावत नाही. गुजरातीत काटकसरीला ‘करकसर’ म्हणतात. शब्द किती जवळचा! पण ती दर वेळी बाईच्या पातेल्यातूनच का सुरू व्हावी, हा प्रश्न दोन्ही भाषांत अजून उभाच आहे.

वही सुरू करणे सोपे, ती टिकवणे अवघड. १ जानेवारीला बाजारात वह्या खपतात आणि संक्रांतीपर्यंत त्यातल्या निम्म्या वह्यांत मुलांची चित्रे निघालेली असतात. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण मराठीत म्हणतो आणि ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असे कानडीत, तरी पाय बाहेर जातातच. आमची वही टिकली ती अत्तींमुळे. रात्री जेवणे झाली की त्या विचारायच्या, “रोक्क एल्लि होतु? लेक्क बरी.” ‘बरी’ म्हणजे लिही, हे सोलापूरकडून आलेल्या आमच्या पाहुण्याला कळायचे नाही. त्याला वाटायचे, म्हातारी हिशेब बरा आहे म्हणते! कानडीतले ‘साल’ हेही असेच. मराठीला ते वर्ष वाटते आणि कानडीत ते कर्ज. अत्ती म्हणायच्या, “तुमचं साल संपलं की आमचं साल सुरू होतं.” त्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते, पण दिवसाचा प्रत्येक रुपया कुठे गेला हे त्यांना ऐकायचे असे. कोणीतरी ऐकणारे असले की लिहिणारा लिहितो.

हे फक्त आमच्या घराचे नव्हे. त्याच भागात शंभर वर्षांपूर्वी एक फार मोठा दाखला घडला, पण सत्याग्रहाच्या मानाने तो कोणी सांगत नाही. १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातेतल्या आदिवासी गावांत ‘देवी’ आली. सलाबाई तिचे नाव. गावातल्या काही माणसांच्या अंगात ती येई आणि सांगे, दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, पिठ्याच्या मालकाकडे कामाला जाऊ नका. गावेच्या गावे एका जागी बसून ऐकत आणि दारू सोडत. पिठ्यावरच्या उधारीने या लोकांच्या जमिनी गेल्या होत्या, म्हणजे हा नुसता देवाधर्माचा मामला नव्हता. घरखर्चातले सर्वांत मोठे भगदाड अख्ख्या गावाने मिळून बुजवले होते. इंग्रज इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी यावर १९८७ मध्ये पुस्तक लिहिले आहे. पुढे काय झाले तेही त्यात आहे. काही लोक पुन्हा प्यायला लागले, काही ठाम राहिले. दोन तट पडले. सोडलेले ते ‘वरजेला’ आणि परत गेलेले ते ‘सरजेला’. मला या दोन शब्दांची मोठी गंमत वाटते. कारण ज्याने त्याने आपल्या मनाशी केलेला निश्चय मोडला तर कोणाला कळत नाही, पण गावासमोर केलेला मोडला की नाव बदलते.

आपल्याकडची भिशी याच तत्त्वावर चालते. बारा बायका, महिन्याला ठरलेली रक्कम, चुकवली तर अकराजणींसमोर मान खाली. भिशीचे पैसे बुडाल्याच्या गोष्टीही आहेत, म्हणून ओळखीच्या आणि एका गल्लीतल्या बायकांपलीकडे ती वाढवू नये, हे माझे मत. बचत गटाचा हिशेब बँकेत दिसतो, तो बरा. आणि २०१६ नंतर आलेल्या फोनवरच्या पैशांबद्दल एवढेच, की तिथे नोट हातातून जाताना दिसत नाही. आमच्याकडे आता नियम आहे, की फोनवरून गेलेला प्रत्येक रुपया रात्री वहीत हाताने लिहायचा. कॉलेजातल्या मुलीने कटकट केली, पण लिहिते.

इथवरचे सगळे ज्याच्या हातात पैसा येतो त्याच्यासाठी. बारडोलीत मी असेही हिशेब पाहिले, जिथे ही वही चालतच नाही.

दिवाळी संपली की डांग, तापी, धुळे, नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. रस्त्याकडेला पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या खोप्या उभ्या राहतात. नंदुरबारकडच्या बायांची बोली आपल्या मराठीहून निराळी, पण त्या माझे बोलणे समजायच्या आणि मी त्यांचे. दोन माणसांच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच, घरात दाणा नसतो तेव्हा, उचल देऊन ठेवतो. हंगामात पंधरवड्याला धान्य आणि थोडी रोकड मिळते, तिला ‘खावटी’ म्हणतात. ती मजुरी नव्हे, तेही कर्जच. मजुरीचा हिशेब हंगामाच्या शेवटी. आणि या कर्जावर पन्नास टक्क्यांपर्यंत व्याज लागते, हे कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी अहवालांत वारंवार नोंदवले आहे. दहा हजार घेतले की पंधरा फेडायचे. आपल्या आजोबांच्या काळात धान्याची वाढीदिढी चाले, तीच ही.

मजुरी २०१५ पासून टनाला २३८ रुपये होती. गुजरात सरकारने ती २०२३ मध्ये दुप्पट करून ४७६ केली. आता आपली घरातली रीत लावून पाहू. कोयता दिवसाला सुमारे टनभर तोडतो. समजा १५० दिवस काम मिळाले. जुन्या दराने दोघांचे मिळून झाले ३५,७००. उचल २०,००० घेतली असेल तर दीडपटीने ३०,००० वजा. राहिले ५,७००. त्यातून खावटी अजून वजा व्हायचीच आहे. नव्या दराने एकूण ७१,४०० होतात, तेव्हा काहीतरी उरते. पण कोणत्याही दराने पाहा, १५० दिवसांत त्या घराच्या हातात स्वतःचा म्हणावा असा रुपया येतच नाही. भागायचे कशाला आणि बाजूला काय टाकायचे? अशा घराला काटकसरीचे सल्ले देणारे लेख मी वाचले आहेत. ते लिहिणाऱ्याने एकदा खोपीत जाऊन यावे.

हे बारडोलीला नवे नाही. पूर्वी तिथे ‘हाली’ असत. दुबळा जमातीच्या तरुणाच्या लग्नाला जमीनदार पैसे देई आणि त्या कर्जापायी तो आणि त्याची बायको जन्मभर त्या घरी राबत. दाणे, कपडे कर्जातच लिहिले जात, म्हणून कर्ज सरत नसे. १९२८ मध्ये सारा भरणाऱ्याचा जमाखर्च इतक्या बारकाईने मांडला गेला, पण त्याच्याच शेतातल्या हालीचा हिशेब त्या वेळी कोणी समितीपुढे ठेवला नाही. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने या भागात वर्षानुवर्षे काम केले आणि १९७८ मध्ये बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोड मजुरांवर लिहिले. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली होती. त्यानंतरच्या खावटीला काय म्हणायचे, ते ज्याने त्याने ठरवावे.

२०१५-१६ च्या हंगामात नंदुरबारकडची एक बाई आमच्या नळावर पाणी भरायला यायची. मी ओट्यावर वही लिहीत बसलेली पाहून तिने विचारले, हे काय लिहितेस? सांगितले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “माझंही लिही.” ती आकडा सांगायची, मी लिहायचे. आज किती गाडी भरली, त्यात आमच्या कोयत्याचे किती, खावटीचे किती किलो, रोख किती. लिहिता येत नसल्याने ती दिवसभराच्या मोळ्यांसाठी लुगड्याच्या पदराला गाठी मारून आणायची. पदराच्या गाठी मोजून सोडवायच्या, मग बादली उचलायची. एकही दिवस चुकली नाही. बजेट टिकवणे म्हणतात ते मी तिच्याकडे पाहिले.

एप्रिलमध्ये टोळीचा हिशेब झाला. मुकादमाच्या कागदात तिच्या कोयत्याचे टन आमच्या वहीपेक्षा अकराने कमी होते. तिच्या नवऱ्याला वाद नको होता, पुढच्या वर्षी उचल मिळायची होती. तिने वही मागितली आणि घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा म्हणाली, सात टन धरले, चार नाही. सात टनांचे तेव्हाच्या दराने १,६६६ रुपये होतात. त्यातून तिने काय घेतले, हे मी विचारले नाही.

आपल्या अथणी, रायबाग, चिकोडी, कागलच्या फडांतही बीडच्या आणि विजापूरकडच्या टोळ्या येतात. ज्यांच्या शेतात त्या उतरतात त्या घरांत वजनाची पावती असतेच. त्या पावतीवरचा टनाचा आकडा तोडणाऱ्या बाईला वाचून दाखवायला एक मिनिट लागते. मराठीत सांगा किंवा कानडीत.

पुढच्या हंगामात ती बाई आली तेव्हा बरोबर स्वतःची वही होती, दोनशे पानी, पाचवीतल्या लेकीने खाकी कव्हर घातलेली. पहिल्या पानावर लेकीच्या अक्षरात उचलीचा आकडा होता, १२,०००. त्याखाली रेघ मारून १८,०००. आणि त्याच्या पुढच्या पानापासून तारखा घालून ठेवल्या होत्या, एप्रिलपर्यंतच्या.